बिनपत्त्याची पिशवी

पलंगाच्या डाव्या बाजूला, उशीपासून हातभर अंतरावर, गालिच्याचा एक चौकोन उलट्या लवेचा होता. बाकी सगळ्या खोलीत लव खिडकीकडे झुकलेली होती आणि तेवढ्या चौकोनात दाराकडे. रंग तोच, सूत तेच, कडाही बऱ्यापैकी जुळवलेल्या. उभ्याने पाहणाऱ्याला तो दिसला नसता. ऑरेलिया केसादा गुडघ्यांवर होती आणि सकाळचं ऊन खिडकीतून आडवं आत येत होतं, म्हणून तिला दिसला.

तिने हातमोज्याच्या बोटाने चौकोनाची कड चाचपली आणि पुन्हा मोठ्या डागाकडे वळली. मोठा डाग पलंगापासून कपाटापर्यंत पसरलेला होता. तो शनिवारचा होता. शनिवारी संध्याकाळी या घरातल्या नवऱ्याने बायकोला हातोडीने मारलं होतं. पोलिसांनी फोटो काढले, मापं घेतली, नवऱ्याला नेलं, दारावरची पिवळी पट्टी सोडवली आणि मेलेल्या बाईच्या बहिणीच्या हातात किल्ली दिली. ती किल्ली आज ऑरेलियाकडे आली होती. बहीण अंगणात मोटारीतच बसून राहिली. काच अर्धी खाली करून ती एवढंच म्हणाली होती, की अलीकडे सगळं शांत होतं. घर इतकं स्वच्छ असायचं. आम्हाला वाटलं, मिटलं.

छतावर थेंबांच्या रांगा होत्या. हत्यार उगारलं की त्याच्यावरचं रक्त मागे उडतं आणि छताला अशी रांग उमटते. पहिल्या घावाची रांग उमटत नाही, कारण तेव्हा हत्यार कोरडं असतं. ऑरेलिया रांगा मोजत नसे. मोजणं पोलिसांचं काम, पुसणं तिचं. शिडीवर उभी राहून त्या रांगा पुसत होती तिची भावजय, येसेनिया. दोघींच्या अंगावर पांढरे कागदी पोशाख, तोंडावर गाळणीचे मुखवटे. आत घामाचे ओघळ. सप्टेंबर होता, बाहेर द्राक्षांच्या ओळींमध्ये बेदाणे वाळत पडले होते, आणि घरातली वातानुकूलन यंत्रणा पोलिसांनी बंद केली होती ती तशीच.

ऑरेलियाने सुरी चालवून डागाभोवतीचा गालिचा कापला, गुंडाळला, लाल पिशवीत भरला. रक्त वर दिसतं त्याहून खाली जास्त पसरतं. वर नाण्याएवढा डाग असला तर खालच्या फोममध्ये तो ताटाएवढा निघतो. ही गोष्ट ती प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगत असे. फोम निघाला, खालची फळी उघडी पडली. तिने फळीवर पेरॉक्साइडचा फवारा मारला. जिथे रक्त असेल तिथे पेरॉक्साइडला फेस येतो, रक्त ताजं असो की वर्षभराचं.

शनिवारच्या डागावर फेस आला, तो अपेक्षितच होता. पण तो तिथे थांबला नाही. उलट्या लवेच्या चौकोनाखाली फळी फिकट होती, कुणीतरी ब्लीच ओतून घासलेली, आणि त्या फिकट जागेच्या कडेने, फळ्यांच्या फटीफटींतून, बारीक पांढरी रेघ फसफसत वर आली. ती शनिवारची नव्हती.

म्हणजे हे आधीही झालं होतं. तेव्हा ती बाई वाचली होती, आणि कुणीतरी गालिच्याचा तुकडा कापून त्याच्या जागी दुसरा बसवला होता. कपाटाच्या तळाशी जादा गालिचा पडलेला असतो, त्यातून. नवऱ्यानेच केलं असणार. धंद्यातला माणूस लव उलटी लावत नाही.

येसेनिया कधी शिडीवरून उतरली ते ऑरेलियाला कळलं नाही. ती शेजारी येऊन उभी राहिली. तिने फेसाकडे पाहिलं, मग कापून ठेवलेल्या त्या चौकोनाकडे. मुखवट्यामुळे तिचा आवाज डब्यातून आल्यासारखा येत होता.

"तुम्ही लव बरोबर लावली होती, ताई," ती म्हणाली.

मग ती परत शिडीवर चढली.

*

ते मार्चमध्ये झालं होतं.

रामिरोचा फोन आला तेव्हा ऑरेलिया आपल्या कंपनीच्या आवारात नळी धूत होती. रामिरो तिचा धाकटा भाऊ. शेतांमधले पाण्याचे पंप दुरुस्त करायचा, आणि हसतमुख म्हणून सगळ्या तालुक्यात त्याचं नाव होतं. फोनवर त्याने काही सांगितलं नाही. "सामान घेऊन ये," एवढंच म्हणाला. कुठलं सामान, हे तिने विचारलं नाही.

येसेनिया त्यांच्या घरातल्या बोळात भिंतीला टेकून बसली होती. कानाच्या वर कातडी उघडली होती आणि खांद्यापर्यंतचा सदरा एका रंगाचा झाला होता. पाइप आवळायचा मोठा पाना बेसिनमध्ये होता, धुतलेला. लेक ब्रिसा शेजाऱ्यांकडे पाठवली होती. रामिरो स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून रडत होता. तो नेहमी रडत असे, नंतर.

ऑरेलियाने भावजयीला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. शिडीवरून पडली म्हणून सांगितलं, कामाच्या ठिकाणी. ते खरं वाटण्यासारखं होतं. मग ती एकटी परत आली आणि तिने बोळ साफ केला. गालिचा कापला, फोम काढला, फळी घासून लाखेने बंद केली, नवा तुकडा बसवला. भिंतीवर पान्याच्या फटक्याचा शिंतोडा कंबरेपासून डोक्याच्या उंचीपर्यंत गेला होता. ती भिंत तिने धुतली, खरवडली, दोन हात रंग दिला. संध्याकाळी रामिरो बोळात उभा राहून नुसता बघत राहिला. म्हणाला, "काहीच झालं नाही असं वाटतंय." तिच्या व्हॅनवर हेच वाक्य रंगवलेलं होतं, दोन्ही बाजूंना: काहीच न झाल्यासारखं.

रामिरो त्या दिवशी आणखी एक गोष्ट म्हणाला होता. "घरचं आहे, घरच्या घरी. कायदाही तेच म्हणतो ना, ताई?"

कायदा तेच म्हणत होता. आपल्या घरातलं रक्त कुणीही धुवावं, त्याला राज्याची परवानगी लागत नाही. दुसऱ्याच्या घरातलं पैसे घेऊन धुवायचं तर मात्र राज्याच्या राजधानीत, सॅक्रामेंटोला, नाव नोंदवावं लागतं. प्रशिक्षण, काविळीची लस, दरवर्षी नूतनीकरण, तपासणी. आणि मुख्य म्हणजे पिशव्या. लाल पिशवीत भरलेलं काहीही नोंदणी असलेल्याच माणसाने न्यायचं, कुलपात ठेवायचं, थंड ठेवायचं आणि जाळण्याच्या ठिकाणी पोचवायचं. प्रत्येक पिशवीला एक पट्टी. पट्टीवर वर कंपनीचं नाव आणि क्रमांक, आणि खाली ते रक्त ज्या घरातून आलं त्याचा पत्ता. पत्ता नसलेली पिशवी जाळणारे घेत नाहीत.

ऑरेलियाने रामिरोच्या बोळातला गालिचा सवयीने लाल पिशवीतच भरला होता. गाठ मारल्यावर तिच्या लक्षात आलं. पत्ता लिहिता येत नव्हता. लिहिला तर कुणीतरी विचारणार, तिथे काय झालं होतं. मग ती पिशवी काळ्या पिशवीत घालून कचऱ्याच्या डब्यात टाकायला हवी होती. दुसऱ्या कुणीही तेच केलं असतं. ती डब्यापर्यंत गेलीसुद्धा. झाकण उघडलं. आणि तिला ते जमलं नाही. कचरा गोळा करणारी माणसं उघड्या हातांनी पिशव्या उचलतात. माणसाचं रक्त उघड्या डब्यात टाकणाऱ्यांना ती आयुष्यभर नावं ठेवत आली होती. भावासाठी पोलिसांपासून लपवणं तिला जमलं होतं, पण कचऱ्याच्या नियमापुढे तिचा हात अडला.

तिने पिशवी आवारातल्या फ्रीझरच्या तळाशी ठेवली. पट्टीवर कंपनीचं नाव आणि क्रमांक, खालची ओळ कोरी. दर महिन्याला बाकीच्या पिशव्या जात, ती राहत असे.

*

तिला या धंद्यात कुणी आणलं असं विचारलं, तर ती सांगत असे की पोट. ते खोटं नव्हतं, पण सुरुवात वेगळी होती. ती पंधराची आणि रामिरो नऊचा असताना त्यांच्या वडिलांनी मागच्या शेडमध्ये बंदूक हनुवटीखाली धरली. शेरीफची माणसं देह घेऊन गेली आणि शेड तशीच ठेवून गेली. अशा कामाला माणसं मिळतात हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं, आणि नोंदणी वगैरे तर पुढे पुष्कळ वर्षांनी आली. आई म्हणाली, शेजारी बघायच्या आत धुऊन टाका. ऑरेलियाने झाडू घेतला आणि रामिरोच्या हातात बागेची नळी दिली.

नळी जोराची होती. पाणी पत्र्यावर आपटून परत अंगावर येत होतं. रामिरोच्या केसांत, पापण्यांवर. त्याने नळी सोडली नाही. तिने त्याला आत जा म्हणायला हवं होतं, आणि ती म्हणाली नाही, कारण एकटीने ते काम संपलं नसतं.

तेव्हापासून रामिरोने काहीही केलं तरी ऑरेलियाला आधी ती नळी आठवे. त्याने शाळेत मुलाचा दात पाडला तेव्हा, पहिल्या बायकोने रातोरात घर सोडलं तेव्हा, आणि मार्चमध्येही. येसेनिया कामावर परत आली त्या दिवशी ऑरेलिया तिला म्हणाली होती, पुन्हा असं झालं तर मी गप्प बसणार नाही. येसेनियाने मान हलवली होती. त्यानंतर एकदा मनगट सुजलेलं होतं, एकदा ओठ. ऑरेलिया गप्पच बसली. काहीतरी करायचं हे तिने ठरवलेलं होतं. कधी, एवढंच ठरत नव्हतं.

केलं ते एवढंच, की या वर्षीच्या नूतनीकरणात कंपनीची दुसरी जबाबदार व्यक्ती म्हणून तिने येसेनियाचं नाव घातलं. आपले गुडघे गेले, असं कारण दिलं. येसेनियाने लसीच्या तिन्ही सुया घेतल्या, प्रशिक्षण पुरं केलं. एकदा नाव राज्याकडे नोंदलं गेलं की ती दूर सॅन डिएगोला जाऊनही हे काम करू शकली असती. दोघींपैकी कुणी हे बोलून दाखवलं नाही. रविवारी जेवताना ऑरेलियाने रामिरोला सहज सांगितल्यासारखं सांगितलं. तो हसला, वाटीतल्या बीन्सवर मिरची ओतत राहिला आणि म्हणाला, वा, आता घरात दोन साहेब.

*

त्या घरातलं काम उरकून दोघी दुपारी आवारात परतल्या. राज्याचा तपासनीस येणार होता, त्याआधी पिशव्या फ्रीझरमध्ये जायला हव्या होत्या. येसेनियाने त्या एकटीनेच आत नेल्या, ऑरेलियाला व्हॅन धुवायला सांगून. तिला आत जरा जास्त वेळ लागला.

ती बाहेर आली तेव्हा रामिरोची पिकअप फाटकात उभी होती. त्याच्या हातात मक्याच्या पानात वाफवलेल्या टामालची पिशवी होती, तीतून वाफ येत होती.

"काय मग, आज कुणाचं घर कोरं करून आलात?" त्याने विचारलं. ऑरेलियाच्या गालाला गाल लावला. पिशवी बाकावर ठेवली. डुकराच्या मांसाचे आहेत, तुझ्या आवडीचे, म्हणाला. मग तो व्हॅनभोवती चक्कर मारून आला. दारावर नोंदणीचा क्रमांक होता, त्याखाली ऑरेलियाचं नाव.

"इथे लावणार का हिचं?"

ऑरेलिया म्हणाली की अजून काही ठरलेलं नाही.

"तसं नाही, लाव की. सरकारदरबारी नाव. उद्या मला घरात घेताना ओळखपत्र मागेल." तो हसला. त्याचं हसू छान होतं, वडिलांसारखं. "काय गं? मागशील ना?"

येसेनिया व्हॅनच्या उघड्या दारात वाकून रिकामी खोकी बाहेर काढत होती. डावा हात तिने दाराच्या चौकटीवर टेकवला होता. ती मागे न वळता म्हणाली, "मागेन."

तिने त्याच्या थट्टेला उत्तर दिल्याचं ऑरेलियाने त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

रामिरोने व्हॅनचं दार ओढलं. ते सरकतं दार होतं, जुनं, जड. मध्ये एका जागी अडकायचं आणि खांदा लावल्याशिवाय पुढे जायचं नाही. रामिरोने खांदा लावला. आवाज बारीकसा आला, ओली काटकी मोडावी तसा, आणि मग येसेनियाचा. ती किंचाळली नाही. तिने श्वास आत ओढला आणि तो बाहेर सोडता येईना अशी उभी राहिली. रामिरोने दार तसंच दाबून धरलं. तो तिच्याकडे बघतही नव्हता. त्याची नजर ऑरेलियावर होती.

मग त्याने दार मागे सारलं. "अरे, सुटलं हातातून," तो म्हणाला.

मधल्या दोन बोटांची कातडी फाटली होती आणि एक बोट चुकीच्या बाजूला वळलं होतं. काँक्रीटवर थेंब पडले, गोल, कडांना बारीक काटे असलेले. सरळ उंचावरून पडलेले थेंब असेच असतात. ऑरेलियाने फळीवरची फवाऱ्याची बाटली उचलली. फडकं घेतलं. गुडघ्यांवर बसली. फवारा मारला, फेस आला, तो तिने बाहेरून आत असा टिपून घेतला, पुन्हा मारला. फेस यायचा थांबला. जमीन स्वच्छ झाली. आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आपण येसेनियाच्या हाताकडे अजून पाहिलेलंच नाही.

तिने मान वर केली. येसेनिया तिच्याकडेच बघत होती. रामिरोही.

"बघ," तो बायकोला म्हणाला, अगदी मायेने. "ताई आहे ना."

तो पिकअपमध्ये बसून निघून गेला. टामाल गरम आहेत तोवर खाऊन घ्या, असं खिडकीतून सांगून गेला.

*

ऑरेलियाने बर्फ आणला, बोटांना पट्टी बांधली, गाडीची किल्ली घेतली. दवाखान्यात जाऊ, म्हणाली.

"जाऊ," येसेनिया म्हणाली. तिचा चेहरा मेणासारखा झाला होता. "तिथे काय सांगायचं तेवढं ठरवून द्या. शिडी मागच्या वेळी सांगितली होती."

एवढ्यात फाटकातून राज्याची पांढरी मोटार आत आली.

तपासनीसाचं नाव बेड्रोसियन. निवृत्तीला आलेला, फ्रेस्नोचाच, जाड भुवयांचा म्हातारा. दरवर्षी येताना आपल्या परसातली डाळिंबं आणायचा आणि दरवर्षी हेच सांगायचा, की ही लाच नाही, कारण लाच देण्याइतका पगार सरकार मला देत नाही. आजही त्याच्या हातात कागदी पिशवी होती. पण येसेनियाकडे पाहून तो वाक्य पुरं न करताच थांबला. बर्फाच्या भांड्यातलं पाणी गुलाबी झालं होतं.

हे काय झालं, असं त्याने विचारलं. येसेनियाने हात बर्फात आणखी खाली दाबला. मग तो म्हणाला की तपासणीचं काय, पुढच्या आठवड्यातही होईल, तुम्ही आधी दवाखाना गाठा.

"आधी फ्रीझर बघा," येसेनिया म्हणाली. "मग जातो."

बेड्रोसियनने ऑरेलियाकडे पाहिलं. ऑरेलियाने येसेनियाकडे. येसेनिया बर्फात हात घालून बसली होती आणि खाली बघत होती. फ्रीझरची दुसरी किल्ली तिच्याकडे असायची. ती मघाशी आत जरा जास्त वेळ होती.

फ्रीझरच्या शेडमध्ये अंधार आणि थंडी होती. ऑरेलियाने कुलूप काढलं, झाकण उचललं. वाफ बाजूला झाली. आजच्या पिशव्या खाली होत्या, गेल्या आठवड्यातल्या त्यांच्या खाली. सगळ्यांत वर, मधोमध, जुनी पिशवी होती. सहा महिन्यांत तिच्यावर हिमाचा पांढरा थर जमला होता. पट्टीपुरता तो कुणीतरी अंगठ्याने पुसून काढला होता.

बेड्रोसियनने चष्मा लावला. वाकून वाचलं. कंपनीचं नाव, क्रमांक. अंगठा खालच्या कोऱ्या ओळीवर ठेवला.

"केसादाबाई, हिला पत्ता नाही."

ऑरेलियाने झाकण आणखी थोडं वर धरलं.

"इतकी वर्षं येतोय तुमच्याकडे. एका पट्टीचं अक्षरसुद्धा कधी पुसट नसतं." त्याने चष्मा काढला, रुमालाने पुसला, परत लावला. तो विचार करायला वेळ घेत होता, आणि तिलाही देत होता. बिनपत्त्याच्या पिशवीचा अर्थ त्या दोघांनाही ठाऊक होता. माणसाचं रक्त, आणि ते जिथे सांडलं ती जागा कुणाला कळू दिलेली नाही. असं निघालं तर नोंदणी त्याच दिवशी जाते, आणि पुढचा फोन त्याला पोलिसांनाच करावा लागतो. तो म्हणाला, "प्रशिक्षणाचा तुकडा असेल हा. नाही का? नव्या माणसाला शिकवायला खाटकाकडून डुकराचं रक्त आणून गालिच्यावर ओततात. पुष्कळ जण करतात. तुम्ही येसेनियाला शिकवलंत तेव्हाचा असेल."

त्याने खिशातून पेन काढलं.

"तसं असेल तर तसं लिहितो. जनावराचं, प्रशिक्षणासाठी. पुढच्या वेळेपासून पट्टीवर नोंद करत चला, म्हणजे झालं."

ते इतकं सोपं होतं. तिला हो म्हणायचीही गरज नव्हती, नुसती मान हलवली तरी पुरलं असतं. व्हॅन राहिली असती, क्रमांक राहिला असता, रामिरो रविवारी जेवायला आला असता. तिला पत्र्यावर आपटणारं पाणी ऐकू आलं. नळी दोन्ही हातांनी घट्ट धरून उभा असलेला मुलगा दिसला, ओले केस, लाल पापण्या. आपण तेव्हा त्याला आत जा म्हटलं नाही. शेजारी बघायच्या आत संपवायचं होतं. शेजाऱ्यांनी पाहिलं असतं तर काय झालं असतं, हा प्रश्न तिला इतक्या वर्षांत पडला नव्हता. कदाचित कुणीतरी कुंपण ओलांडून आलं असतं आणि त्या मुलाच्या हातातून नळी काढून घेतली असती.

शेडच्या उघड्या दारातून आवार दिसत होतं. धुळीने राखाडी झालेल्या काँक्रीटवर, व्हॅनच्या दाराखाली, तिने मघाशी टिपलेली जागा तेवढी पांढरी दिसत होती. हातभर लांब, कडा नीट. येसेनियाने खुर्ची त्या जागेपासून दूर ओढून घेतली होती आणि बर्फातला हात उचलून ती तो उन्हाकडे धरून बघत होती, दुसऱ्या कुणाचा तरी असावा तसा.

"केसादाबाई?" बेड्रोसियन म्हणाला. पेन कागदाला टेकलं होतं. "जनावराचं लिहू?"

"नाही," ऑरेलिया म्हणाली. मग बाहेर ऐकू जाईल इतपत मोठ्याने तिने सांगायला सुरुवात केली. "ते रक्त माझ्या भावजयीचं आहे. पत्ता लिहून घ्या. चारशे सात, मॅग्नोलिया रस्ता, मागचं घर. तिथे माझा भाऊ राहतो, रामिरो केसादा. पोलिसांना सांगा, बोळातली डाव्या हाताची भिंत खरवडून बघा. रंग मी दिलाय."